पट्ट्याखालचा रुमाल

१

सकाळचा चहा झाला की कपबशा उचलायच्या आधी घड्याळाला चावी द्यायची, हा या घरचा नेम. लग्न होऊन आले त्याच्या दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी मला घर दाखवलं, तेव्हा आधी घड्याळ दाखवलं आणि मग फ्रिज. फ्रिजचं दार जरा उचलून लावावं लागतं. घड्याळाला मी हात लावायचा नसतो. एवढंच लक्षात ठेवायचं होतं, त्यामुळे सासर सोपं आहे असं मी आईला फोनवर कळवून टाकलं.

घड्याळ सासऱ्यांचं. मनगटी, चावीचं. तबकडी कधीकाळी पांढरी असावी. आता तिचा रंग उन्हात राहिलेल्या कागदासारखा झाला होता. काचेवर बारीक ओरखडे, आणि सहाच्या आकड्याजवळ चहाच्या थेंबाएवढा डाग. सासरे आमच्या लग्नाच्या आदल्या वर्षी गेले. मी त्यांना फक्त भिंतीवर पाहिलं. ओठ गच्च मिटलेले, आणि फोटोग्राफरनं 'हसा' म्हटल्यावर त्याचीच चूक सापडावी तसा चेहरा. छापखान्यात सुपरवायझर होते. घरातही तेच.

"बाबा खोलीत यायच्या आधी खाकरायचे," नवरा एकदा म्हणाला होता. "आम्हाला गप्प व्हायला तेवढा वेळ मिळायचा."

नवरा मात्र त्यांच्या अगदी उलट. अंघोळीला गेला की शीळ घालायचा. एकच चाल, आणि तीही एका ठरलेल्या जागी घसरायची, जिना उतरताना शेवटची पायरी चुकावी तशी. मी ओट्याशी उभी राहून त्या घसरण्याची वाट बघायचे. लग्नाला जेमतेम चार महिने झाले होते. नवरा म्हणून जे काही माझ्या हाती लागलं होतं, त्यात ती शीळ होती, त्याच्या हनुवटीखालचा सायकलवरून पडल्याचा व्रण होता, आणि बिनसाखरेचा चहा. बाकी ओळख व्हायची होती.

सासूबाई चावी द्यायच्या आणि घड्याळ कानाला लावायच्या. चालू आहे का हे कळायला एक क्षण पुरतो. त्या डोळे मिटून बराच वेळ ऐकत राहायच्या. कपांच्या तळाशी चहा वाळून जायचा. मला वाटायचं, आठवण येत असेल. माणूस गेल्यावर त्याच्या वस्तूला कान लावणं मी समजू शकत होते.

मग एके सकाळी त्यांनी घड्याळ कानाला लावलं, हलवलं, पुन्हा लावलं. मी त्यांचा चेहरा पाहिला. घड्याळ बंद पडलं म्हणून माणसाचा चेहरा असा होत नाही.

२

घड्याळजींचं दुकान एका इमारतीच्या जिन्याखाली होतं. वरून कुणी उतरलं की भिंतीवरची सगळी घड्याळं जराशी थरथरायची. प्रत्येकात वेगळी वेळ.

"एकही बरोबर नाही?" नवऱ्यानं विचारलं.

"बरोबर चालणारी माझ्याकडे कशाला येतील?" घड्याळजी म्हणाले. हा विनोद त्यांनी बऱ्याच गिऱ्हाइकांवर वापरलेला असावा, पण नवरा मनापासून हसला. तो कुठल्याही विनोदावर हसायचा. ही चौथी गोष्ट, वर सांगायची राहिली.

त्यांनी डोळ्याला भिंग लावून मागचं झाकण उघडलं. "तेल पार सुकलंय. आणि हे चाक बघा. दात झिजलेत, बोळकं झालंय नुसतं." मग भिंग काढून ते आमच्याकडे वळले. "आता तुम्ही ठरवायचं. दोन रस्ते आहेत. एक, नवं करून देतो. वरून पॉलिश, तबकडी रंगवून, काच नवी, काटे नवे, आणि आत सेलचं मशीन. चावीची कटकटच नको. लोक विचारतील, कुठून घेतलंत?"

"आणि दुसरा?"

"ओरिजिनल ठेवायचं. साफसफाई आणि तेल, बस. डाग, ओरखडे, सगळं तसंच. पण मग चाक याच घड्याळाचं हवं, आणि ते आता बनत नाही. असंच दुसरं घड्याळ शोधायचं आणि त्यातलं काढून यात घालायचं. मी त्याला खुराक म्हणतो." ते हसले. "एक जगवायचं तर एक खर्ची पडतं."

"पॉलिशच करू या की," नवरा म्हणाला. "आणि सेलचं मशीन. चाललं म्हणजे झालं."

"नाही." सासूबाईंचा आवाज त्या जिन्याखालच्या खोपट्यात जरा मोठाच वाटला. "काही काढायचं नाही. आतलं तर नाहीच नाही."

"अगं आई, पण चाकच गेलंय—"

"तू सांग," त्या माझ्याकडे वळल्या. "तुला काय वाटतं?"

नव्या सुनेला मत विचारतात ते तोंडी परीक्षेत विचारतात तसं. उत्तर परीक्षकाला ठाऊक असतं. मी म्हणाले, "जसं आहे तसंच राहू दे."

सासूबाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. पहिल्यांदाच. मला इतकं बरं वाटलं की नवऱ्यानं माझ्याकडे पाहून केलेलं 'फितूर' असं तोंड मी दुर्लक्षलं.

"मग चाक मिळेपर्यंत तेल घालून देतो," घड्याळजी म्हणाले. "अडखळत का होईना, चालेल. फक्त नुसतं ठेवू नका. हातात घाला. अंगाची ऊब मिळाली की जुनं घड्याळ बरं चालतं."

"हो," सासूबाई म्हणाल्या. "यांच्या हातातही असंच आलं होतं. माझ्या सासऱ्यांचं हे. आमचं लग्न झालं त्या वर्षी." आणि मुलाला म्हणाल्या, "आता तू घाल."

३

घड्याळ परत आलं. नवऱ्यानं ते बांधलं आणि आम्ही दोघं हसत सुटलो. पट्टाही सासऱ्यांचाच होता. त्यांचं मनगट जाडजूड. पट्ट्याचं तिसरं भोक वर्षानुवर्षांच्या वापरानं ताणून लांबट झालेलं, बाकीची कोरी करकरीत. नवऱ्याचं मनगट माझ्याहून जेमतेम मोठं. शेवटच्या भोकात अडकवलं तरी हात वर केला की घड्याळ कोपराकडे धावायचं.

"आणखी एक भोक पाडून घेतो," तो म्हणाला.

"पट्ट्याला हात लावायचा नाही." सासूबाई उठल्या, कपाटातून पांढरा रुमाल आणला, त्याची घडी घातली, मनगटावर ठेवली आणि वरून पट्टा ओढून बक्कल तिसऱ्या भोकात बसवलं. एकदाही चाचपडल्या नाहीत. "बसलं," त्या म्हणाल्या.

हातावर घड्याळ छान चालायचं. अंघोळीला जाताना तो ते काढून टेबलावर ठेवायचा. आत शीळ सुरू व्हायची आणि इकडे टेबलावर टिकटिक अडखळू लागायची. बाहेर येऊन घड्याळ चढवलं की ते सुरळीत आणि हा गप्प. मला गंमत वाटली. अंगाची ऊब, मी स्वतःला सांगितलं. घड्याळजी म्हणालेच होते.

रुमाल धुवायला मी घ्यायचे. एकदा पाहिलं, तर चार पदरी घडीची दोन पदरी झाली होती. मग एकपदरी. मग एका सकाळी रुमाल टेबलावरच पडून राहिला, आणि घड्याळ त्याच्या मनगटावर, तिसऱ्या भोकात, घट्ट.

"उकाड्यानं हात सुजतात," तो म्हणाला.

"लग्न मानवलं," सासूबाई म्हणाल्या, आणि स्वयंपाक माझा असल्यानं मी ते श्रेय गुपचूप घेतलं.

त्याच आठवड्यात पँट सैल होते म्हणून त्यानं कमरेच्या पट्ट्याला खिळ्यानं जास्तीचं भोक पाडलं. मी ते पाहिलं आणि फ्रिज पुसायला घेतला. माणसाला काही सुचेनासं झालं की फ्रिज पुसायला बरा असतो.

४

सासूबाई रेडिओ ऐकत होत्या, मी भाजी चिरत होते. बोळातून कुणीतरी खाकरलं.

सासूबाईंनी रेडिओ बंद केला आणि त्या उठून उभ्या राहिल्या. मग नवरा आत आला, पाणी प्यायला आणि गेला.

"रेडिओ का बंद केलात?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, रेडिओकडे पाहिलं, आणि परत लावला. पण आवाज कमी ठेवून.

त्या दिवसांत मी माझ्याशी बराच वाद घातला. बाप गेल्यावर मुलगा बापासारखा वागू लागतो, हे कुणाच्या घरी होत नाही? आईला फोनवर सांगितलं की हे हल्ली हसत नाहीत, तर आई म्हणाली, "जबाबदारी आली की पुरुष गंभीर होतात, चांगलंच आहे की." आणि मग, "हे? तू तर त्याला अरेतुरे करायचीस ना?"

माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

चहात साखर आली. विनोद गेला. शीळ अजून होती, पण आखडत चालली होती. ती घसरणारी जागा यायच्या आधीच थांबायची. मी ओट्याशी हातात झारा घेऊन वाट बघत राहायचे आणि आतून नुसतं पाणी ऐकू यायचं.

एकदा बाहेरच्या खोलीतून हाक आली, "ऐकलंस का?" अशी हाक त्यानं मला कधी मारली नव्हती. मी वळले. माझ्या आधी सासूबाई म्हणाल्या, "आले." आणि गेल्याही. आत जाऊन त्यांनी खिडकीचा पडदा अर्धा ओढला, आणि खुर्चीतून तो म्हणाला, "हं." आई आणि मुलगा या नात्यात असं 'हं' बसत नाही. मी दारात उभी होते. हात चिरलेल्या कांद्याचे होते, म्हणून डोळ्यांना लावता येईनात.

५

सुट्टीच्या दिवशी तो खिडकीशी दाढी करत होता. मी टॉवेल द्यायला गेले. उजेड सरळ त्याच्या गळ्यावर पडला होता. मी हनुवटीखाली बोट लावलं. गुळगुळीत.

"काय शोधतेस?"

"व्रण होता इथं. सायकलवरून पडलास तेव्हाचा."

"मी सायकल कधी चालवलेली नाही," तो म्हणाला, आणि माझा हात धरून बाजूला ठेवला. ठेवला हाच शब्द बरोबर आहे. जागेवरून हललेली वस्तू जागेवर ठेवतात तसा.

चार महिन्यांत एका माणसाचं ओरिजिनल काय आणि नंतरचं काय, हे किती कळतं? कदाचित व्रण नव्हताच. कदाचित दुसऱ्याच कुणाचा मला आठवत असेल. मी कपाट उघडून लग्नाचा अल्बम काढला. जेवणाच्या फोटोत त्यानं मान वर करून हसताना तोंडातलं सांडू नये म्हणून ओठांपुढे हात धरला होता, आणि हनुवटीखाली व्रण होता. मोठा. मला आठवत होता त्याहून मोठा.

त्याखाली आणखी एक अल्बम होता, जाड काळ्या पानांचा. पहिल्याच पानावर तरुण सासूबाई, आणि शेजारी एक पोरगेलासा माणूस. मान मागे टाकलेली, डोळे जवळजवळ मिटलेले, तोंड उघडं. गाण्याच्या मध्येच पकडल्यासारखा.

"हे कोण?" मी विचारलं, कारण सासूबाई मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"हेच."

"बाबा? ओळखूच येत नाहीत."

"नाहीच येत," त्या म्हणाल्या.

मी भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं आणि पुन्हा खाली. त्या पोराच्या काडीसारख्या मनगटावर घड्याळ होतं. बक्कल तिसऱ्या भोकात. आणि पट्ट्याखाली पांढऱ्या रुमालाची घडी.

६

दुसऱ्या दिवशी तो अंघोळीला गेला, सासूबाई कपडे वाळत घालायला गेल्या, आणि मी टेबलावरचं घड्याळ उचलून घराबाहेर पडले. चपला सासूबाईंच्या होत्या, हे रस्त्यावर आल्यावर कळलं. आणखीही एक गोष्ट कळली. आज आतून नुसतं पाणी वाजत होतं. आणि माझ्या मुठीतलं घड्याळ जराही अडखळत नव्हतं.

घड्याळजी नुकतंच दुकान उघडत होते.

"सगळं बदला," मी म्हणाले. "पॉलिश करा. तबकडी रंगवा. काच, काटे, आतलं सगळं काढून टाका आणि सेलचं मशीन घाला. आत्ता. मी इथंच बसते."

"घरात एकमत नाही वाटतं," ते म्हणाले, पण बसले. झाकण उघडलं. भिंग लावलं. मग भिंग काढून पुसलं आणि पुन्हा लावलं.

"हे चाक कुणी घातलं?"

"कुणी नाही."

"अहो, असं कसं? दात बघा. कोरे आहेत. आणि काम काय सुंदर केलंय. जोडल्याची खूण नाही, जसं काही आतूनच उगवलंय." त्यांना मनापासून आनंद झाला होता. "म्हणजे दुसरं मिळालं तुम्हाला. आणि ज्यातून काढलं ते कुठंय?"

मी पायातल्या सासूबाईंच्या चपलांकडे पाहिलं.

"टाकू नका ते," घड्याळजी म्हणाले. "रिकामी केससुद्धा कामाची असते. तिच्यात दुसरं काहीतरी घालून चालवता येतं. बाहेरून कुणाला पत्ता लागत नाही." त्यांनी चिमटा उचलला. "बरं, सेलचं मशीन बसवायचं तर हे आतलं सगळं निघेल, आणि एकदा काढलं की मी पुन्हा लावून देणार नाही. काढू?"

वरून कुणीतरी जिना उतरलं. भिंतीवरची घड्याळं थरथरली.

"आधी ऐकू दे," मी म्हणाले.

त्यांनी उघडं घड्याळ तसंच माझ्या कानाशी धरलं. टिकटिक होती. मी डोळे मिटले. टिकटिकीच्या मागे, बंद दाराआडून, वाहत्या पाण्याच्या पलीकडून यावी तशी शीळ येत होती. एकच चाल. वर चढली, वळली, आणि त्या जागी येऊन घसरली. पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. मी त्या जागेची वाट पाहिली. पुन्हा घसरली.

आणि तिच्याही मागे, खूप आत, कुणीतरी दुसरं गुणगुणत होतं.

"काढू ना?" घड्याळजींनी विचारलं. चिमट्याचं टोक चाकाच्या अगदी जवळ होतं.

"नको," मी म्हणाले. "जसं आहे तसंच राहू दे."

७

घरी आले तेव्हा बाथरूममधलं पाणी बंद झालं होतं. सासूबाई टेबलाशी बसल्या होत्या. चहाचे कप अजून तसेच होते.

"ऐकलंस?" त्यांनी विचारलं.

मी मान डोलावली.

"माझा गुणगुणायचा," त्या म्हणाल्या. "दिवसभर. सासूबाई चिडायच्या. मग घड्याळ आलं, आणि नंतर घरात कधी गुणगुणला नाही." त्यांनी पदर नीट केला. "इथं, घड्याळात, मात्र रोज. पण अलीकडे झिजत चाललं होतं. ऐकूच येईना. मी काय करायला हवं होतं?"

"तो तुमचा मुलगा होता, आई."

"आहे की," त्या म्हणाल्या, आणि माझ्या हातातल्या घड्याळाकडे अशा मायेनं पाहिलं की माझा हात आपोआप त्यांच्यापासून दूर गेला. "कुठं गेलाय?"

मला ओरडायचं होतं. पण ओरडले असते तर टिकटिक ऐकू आली नसती.

"चाक पुन्हा झिजेल," मी म्हणाले.

"झिजेलच. वेळ आहे त्याला." त्यांनी कप एकात एक ठेवायला घेतले. "तेव्हा तू ठरव. मी ठरवलं तसं."

मी घड्याळाला चावी दिली. त्यांनी अडवलं नाही. कानाला लावलं, त्या जागेपर्यंत ऐकलं, आणि मग त्यांच्यासमोर धरलं. त्यांनी डोळे मिटून त्यांच्या माणसाचं गुणगुणणं ऐकलं.

बोळातून कुणीतरी खाकरलं. आम्ही दोघी उभ्या राहिलो.

दारातून एक हात पुढे आला. जाड मनगट, त्यावर पट्ट्याचा रुतलेला पांढरट वळ. मी वर पाहिलं नाही. घड्याळ मनगटावर ठेवलं, पट्टा ओढला. रुमाल लागला नाही. बक्कल तिसऱ्या भोकात अलगद बसलं.

"कुठं नेलं होतंस?"

"घड्याळजींकडे, अहो. जरा दाखवून आणलं."

"काही बदललं तर नाही ना?"

"नाही," मी म्हणाले. "सगळं ओरिजिनल आहे."